वरचा सूर कुठल्या आवाजात घ्यायचा?

काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज (सा) धरून, गाणाऱ्या बहुतेक पुरुषांना तार रिषभ-गंधाराच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या रे-गच्या, आसपास एक निर्णय घ्यावा लागतो. तो सूर भरदार, मोकळ्या आवाजात लावायचा, आवाज बारीक करून पण घट्ट जुळलेला ठेवायचा, की सरळ खोट्या आवाजात जायचं? बायकांपुढेही हाच प्रश्न असतो, फक्त त्यांच्या पट्टीत तो सप्तकाच्या वेगळ्या ठिकाणी उभा राहतो. पुण्यातले कराओके ग्रुप, अभंगाचे वर्ग, सोसायटीतल्या गणपतीचे कार्यक्रम, फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी अशा सगळ्या ठिकाणी मी गळे ऐकत आले आहे. बहुतेकांच्या बाबतीत हा निर्णय गाणारा घेतच नाही, ऐन वेळी गळा घेऊन टाकतो. सूर जवळ आला की हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा ताठतात आणि मग जे निघेल ते निघेल.

हा निर्णय गाणं बसवतानाच व्हायला हवा, ओळीओळीला, आणि वहीत खूण करून. तो कसा घ्यायचा, ते इथे क्रमाने सांगते. खोट्या आवाजाला आपल्याकडे कमी लेखतात, तसं मी लेखत नाही. ठरवून लावलेला खोटा आवाज सुंदर लागतो. न ठरवता लागलेला मात्र ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

गळ्यात काय घडतं

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. मोठ्या माणसांत पुरुषांचे साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर, बायकांचे सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांबीचे. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते उघडतात, मिटतात. पांढरी सहाचा मधला सूर, म्हणजे ४४० हर्ट्झ, लावताना ही उघडझाप सेकंदाला ४४० वेळा होते. स्नायूंच्या दोन जोड्या इथे महत्त्वाच्या. एक जोडी स्वरतंतूंच्या आतच असते, ती त्यांना आखूड आणि जाड करते. दुसरी स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला असते, ती त्यांना ताणून लांब आणि पातळ करते. बोलताना पहिलीचा जोर असतो, सूर चढत गेला की दुसरीचा वाढतो. तंबोऱ्यात खर्जाची तार जाड आणि जोडाच्या तारा पातळ असतात. गळ्याला मात्र स्वरतंतूंच्या एकाच जोडीकडून दोन्ही कामं करून घ्यायची असतात, म्हणून मध्ये कुठेतरी सांधा, म्हणजे आवाजाची जात बदलण्याची जागा, येतो.

पूर्ण आवाजात स्वरतंतू जाड राहतात, सगळ्या जाडीनिशी कंप पावतात आणि प्रत्येक वेळी घट्ट मिटतात. खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, ते ताणलेले असतात आणि फक्त कडा हलतात. त्या कडा बहुतेक वेळा नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटत राहते, म्हणून आवाज हलका आणि थोडा पोकळ लागतो. हेड व्हॉइसमध्येही स्वरतंतू ताणलेले आणि पातळच असतात, पण कडा व्यवस्थित मिटतात. आवाज बारीक असला तरी त्याला गाभा असतो, आणि खालच्या आवाजाशी तो जोडून घेता येतो. मी वर्गात त्याला ‘जोडलेला बारीक आवाज’ म्हणते. खाली लिहिताना कधी हे, कधी हेड व्हॉइस म्हणेन.

पुरुषांच्या बाबतीत हेड व्हॉइस कशाला म्हणायचं यावर शिक्षकांचं एकमत नाही. कोणी तो फॉल्सेटोचाच घट्ट प्रकार मानतात, कोणी पूर्ण आवाजाचाच हलका केलेला प्रकार मानतात. मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. तेव्हापासून या नावांचा वाद चालू आहे. गाणाऱ्याने त्यात फार अडकू नये. आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो म्हणून तो डोक्यातून येतो असंही समजू नये. तिन्ही आवाज स्वरयंत्रातच तयार होतात. डोक्यात किंवा छातीत जाणवतो तो कंप, आणि तो ओळखीची खूण म्हणून उपयोगी पडतो.

पहिली पायरी: तिन्ही आवाज ओळखा

पूर्ण आवाज सापडायला सोपा. रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारतो तशी ‘अहोऽ’ म्हणून हाक मारा आणि तोच आवाज सुरावर धरा. छातीच्या हाडावर तळवा ठेवलात तर कंप जाणवेल. ओरडायचं नाही, हाक मारायची. हाकेत श्वास मागून येतो, ओरडण्यात गळा आवळला जातो.

खोट्या आवाजासाठी लहान मुलाच्या आवाजाची नक्कल करा किंवा वरच्या सुरात मऊसा ‘हूऽ’ म्हणा. ‘ह’ मुद्दाम घ्यायचा, कारण त्यामुळे हवा मोकळी सुटते. आता त्याच सुरावर श्वास किती वेळ पुरतो ते पाहा. खोट्या आवाजात तो लवकर संपतो. पुरुषांना हे फार स्पष्ट जाणवतं.

जोडलेला बारीक आवाज बहुतेकांना सगळ्यात उशिरा सापडतो. ‘अंगण’ म्हणताना ‘अं’ नंतर जीभ मागे टाळूला टेकते, तो ‘ङ’ तसाच धरून ठेवा आणि वरच्या सुरात न्या. तोंड उघडं, पण आवाज नाकातून. मग जीभ हळूच खाली सोडत ‘ऊ’वर या. ‘ऊ’ला तीच धार राहिली तर तुम्ही ठिकाणावर आहात. नाक चिमटीत धरून बघा. ‘ङ’ थांबेल, पण ‘ऊ’ बदलता कामा नये. बदलला, तर आवाज अजून नाकात अडकलाय.

जोडलेला आवाज आणि खोटा आवाज यांतला फरक तपासायची जुनी आणि भरवशाची परीक्षा आहे. तार षड्जावर अगदी हळू ‘ऊ’ लावा आणि सूर न हलवता आवाज वाढवत पूर्ण आवाजापर्यंत न्या. वाढवताना मध्ये कुठेही टक्कन दुसरा आवाज लागला नाही, तर तो जोडलेला. मध्येच तुटला आणि भरदार आवाज वेगळाच उडी मारून आला, तर सुरुवात खोट्या आवाजात झाली होती. ही परीक्षा फोनवर रेकॉर्ड करून ऐका. आपल्याच डोक्यात घुमणारा आवाज ऐकून निकाल देऊ नका.

दुसरी पायरी: तुमचा सांधा कुठे आहे?

तानपुऱ्याचं ॲप लावा, मध्य षड्जावरून ‘ऊ’ सुरू करा आणि घसीटीसारखं सलग वर जा. कुठेतरी आवाज उडेल, पातळ होईल किंवा क्षणभर गायब होईल. तिथे थांबा, पेटीवर तो सूर शोधा आणि वहीत लिहा. आता वरून खाली या. उतरताना सांधा त्याच सुरावर येत नाही, बहुधा आणखी खाली येतो, कारण गळा ज्या आवाजात असतो त्यातच राहू पाहतो. म्हणून दोन सूर लिहा: चढतानाचा आणि उतरतानाचा. या दोघांच्या मधली जागा फार उपयोगी. तिथले सूर तुम्ही दोन्ही आवाजांत घेऊ शकता, आणि सगळी निवड तिथेच करायची आहे.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सांधा जड आवाजात तार षड्जापासून गंधारापर्यंत, हलक्या आवाजात तार रिषभापासून मध्यम-पंचमापर्यंत सापडतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला तो मध्य पंचम-धैवतापासून तार षड्जापर्यंत कुठेही जाणवतो. पेटीवर वाजवून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे, त्या पुरुषाचा तार गंधार आणि त्या बाईचा मध्य धैवत हा एकच सूर आहे, सुमारे ३४९ हर्ट्झचा. दोघांचा सांधा जवळपास एकाच उंचीवर येतो. पुरुषाला तो सप्तकाच्या टोकाला भेटतो, बाईला ऐन मधल्या वस्तीत.

सोसायटीच्या आरतीत बायकांची ओढाताण का होते ते यावरून समजेल. आरती एखादे काका आपल्या सोयीच्या पट्टीत सुरू करतात. बायकांना त्याच सुरात म्हटलं तर फार खाली पडतं, आणि सप्तकभर वर म्हटलं तर अख्खी चाल सांध्यावरून ये-जा करते. मग निम्म्या जणी बारीक आवाजात जातात, निम्म्या ताणून ओरडतात. आरती सुरू करणाऱ्याने पट्टी थोडी इकडेतिकडे केली तरी सगळ्यांचे गळे वाचतील.

तिसरी पायरी: आधी पट्टी, मग आवाज

माझ्याकडे ‘वरचा सूर लागत नाही’ म्हणून येणाऱ्या कित्येकांचं दुखणं पट्टीचं असतं. मूळ गायकाच्या पट्टीत गायचा हट्ट, आणि कराओकेचा ट्रॅक त्याच पट्टीत मिळतो म्हणून तीच पक्की धरायची सवय.

गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर शोधा. समजा वरचा तार मध्यम आणि खालचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम आहे. काळी एकमध्ये तो मध्यम सुमारे ३७० हर्ट्झवर येतो, पुष्कळ पुरुषांच्या सांध्याच्या डोक्यावर. दोन अर्धे सूर उतरून पांढरी सात घेतली तर तोच मध्यम सुमारे ३३० वर येतो आणि गळा एकदम मोकळा होतो. पण मग मंद्र पंचमही उतरतो. तिथे शब्द ऐकू येतात का, की नुसती घरघर होते, ते तपासा. खालचा सूर मेला तर अर्धाच सूर उतरा आणि वरचा एखादा सूर जोडलेल्या आवाजावर सोपवा. पट्टी ठरवणं म्हणजे ही देवघेव आहे, आणि गाण्यात जास्त वेळ ज्या सुरांवर मुक्काम आहे त्यांच्या बाजूने कौल द्यावा. एकदाच येणाऱ्या टोकाच्या सुरासाठी अख्खं गाणं खाली ओढू नये.

पुरुषाचं गाणं बाईने घेताना साधारण पाच अर्धे सूर खाली किंवा सात अर्धे सूर वर जावं लागतं. कराओकेच्या ॲपमध्ये एवढं सरकवलं की वाद्यांचा पोत बिघडतो. शक्य असेल तर बदललेल्या पट्टीचा ट्रॅक वेगळा करून घ्या.

चौथी पायरी: ओळ फोडा

आता खरं काम. पट्टी ठरली, सांधा माहीत आहे. गाण्यात सांध्याजवळ जाणाऱ्या जागा मोजक्याच असतात. त्या प्रत्येक जागेला हे प्रश्न विचारा: शब्द काय सांगतोय? त्या सुरावर स्वर कोणता आहे, आणि त्याआधीचं व्यंजन कोणतं? सूर किती मात्रा धरायचा आहे? आणि तिथून पुढे कुठे जायचंय?

स्वराचा परिणाम लगेच दिसतो. ‘ई’ आणि ‘ऊ’वर गळा आपसूक बारीक होतो, त्यामुळे हे स्वर हेड व्हॉइसला सोपे. ‘आ’ आणि ‘ए’ पूर्ण आवाजाला खुणावतात. पूर्ण आवाजात ‘आ’ घेऊन सांधा ओलांडताना तोंड आणखी फाकवलं की आवाज पसरतो आणि ओरडल्यासारखा होतो. त्याऐवजी ‘आ’ला ‘कॉलेज’मधल्या ‘ऑ’कडे किंचित झुकवा. किंचितच. ऐकणाऱ्याला शब्द ‘आ’चाच ऐकू आला पाहिजे.

व्यंजनांकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मराठीत ख, ठ, थ, फ, भ अशी महाप्राण व्यंजनं भरपूर, आणि प्रत्येकाबरोबर हवेचा झोत सुटतो. खोट्या आवाजात आधीच हवा निसटत असते, त्यात ‘फ’ आला की सूर विरून जातो. ‘म’, ‘न’, ‘ल’ मात्र आवाज जोडून ठेवतात, हेड व्हॉइसमध्ये शिरायला त्यांच्यासारखी वाट नाही. ‘ळ’ला जीभ मागे वळते आणि वरच्या सुरात जिभेचा मागचा भाग ताठ होतो, म्हणून ‘डोळे’, ‘कळी’ असे शब्द टोकाच्या सुरावर आले तर ‘ळ’ चटकन म्हणून पुढच्या स्वरावर यावं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. बाणेरला आयटीत नोकरी करणारा माझा एक विद्यार्थी अभंग बसवत होता. चालीत ‘विठ्ठला’ अशी हाक तीनदा येते, ‘वि’ तार षड्जावर, ‘ठ्ठ’ रिषभावर आणि ‘ला’ गंधारावर चार मात्रा. तो तिन्ही वेळा ती पूर्ण आवाजात घ्यायचा. पहिल्यांदा बरी लागायची, दुसऱ्यांदा मान ताठायची, तिसऱ्यांदा गंधार खाली राहायचा. खोट्या आवाजात घेऊन पाहिलं तर ‘ठ’बरोबर हवा सुटायची आणि ‘ला’ उभाच राहायचा नाही.

आम्ही ती हाक फोडली. पहिल्यांदा जोडलेला बारीक आवाज, आणि तोही ‘वि’पासूनच. हे महत्त्वाचं आहे. आवाज बदलायचा असेल तर टोकाच्या सुरावर पोचून बदलू नका. एक-दोन सूर आधी बदला, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. ‘वि’मधली ‘इ’ बारीक आवाजात सहज बसते, तिथून ‘ठ्ठ’वर जीभ टेकताना हवा सोडायची नाही, नुसती अडवायची, आणि ‘ल’वर आवाज पुन्हा धरायचा. दुसऱ्यांदा तीच हाक तशीच, फक्त गंधारावर आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. तिसऱ्यांदा पूर्ण आवाज. तेव्हा ‘ठ्ठ’ उलट मदतीला येतो. अडवलेली हवा सुटते तिच्या जोरावर ‘ला’ उसळून वर लागतो, आणि ‘आ’ किंचित गोल ठेवला की चार मात्रा टिकतो. तीन हाकांना तीन अर्थ आले: आर्जव, ओढ आणि शेवटी टाहो. शिवाय सगळा जोर अखेरपर्यंत शिल्लक राहिला.

पुढे कुठे जायचंय हा प्रश्नही लक्षात असू द्या. सुरानंतर लगेच सपाट तान (भराभर सरळ उतरणारे सूर) किंवा खाली येणारी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) असेल तर खोटा आवाज घेऊ नका, उतरताना सांधा उघडा पडतो. सूर लावून ओळ तिथेच संपत असेल, पुढे वाद्यांचा तुकडा असेल, तर खोटा आवाज बिनधास्त घ्या. तो हवेत विरून जाणं तिथे शोभतं.

वहीत खुणा साध्या ठेवा. मी शब्दाखाली पूर्ण आवाजासाठी जाड रेघ, जोडलेल्यासाठी बारीक रेघ आणि खोट्यासाठी तुटक रेघ काढायला सांगते.

गाण्याचा प्रकार काय मागतो

ख्यालात तिन्ही सप्तकांत एकाच जातीचा आवाज फिरावा अशी अपेक्षा असते, आणि खोटा आवाज तिथे खपत नाही. सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या महोत्सवात पंडित भीमसेन जोशींचा तार सप्तकातला पूर्ण आवाज ज्यांनी रमणबागेच्या मांडवात ऐकला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण त्याच किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकरांचा तार षड्ज ऐका. तोही पूर्ण जोडलेला आहे, आणि किती नाजूक! शास्त्रीय गाणं म्हणजे कायम छातीफोड आवाज, ही समजूत तिथे गळून पडते.

नाट्यगीताची घडण माइकच्या आधीची. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर पोकळ आवाज कामाचा नव्हता. बालगंधर्व स्त्री-भूमिका करत, पण त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर कळतं की बाईसारखं गाण्यासाठी ते खोट्या आवाजात जात नव्हते. लालित्य लगावातून, म्हणजे सूर लावण्याच्या पद्धतीतून, आणि शब्दफेकीतून येत होतं. आज टिळक स्मारकच्या किंवा यशवंतरावच्या रंगमंचावर माइक असतो, तरी नाट्यगीतात मी पूर्ण आणि जोडलेला हे दोनच आवाज वापरायला सांगते.

पोवाडा आणि लावणी पूर्ण आवाजाच्या. वारकरी भजनात पुरुष उंच पट्टीत गातात, तिथे रोजच्या सरावाने जोडलेला आवाज घट्ट झालेला असतो. नवख्याने आषाढी वारीची पालखी पुण्यात आली की त्यांच्याबरोबर पट्टी जुळवायच्या भरात गळा ताणू नये, सप्तकभर खाली म्हणावं.

भावगीत माइकपुढचं गाणं. तिथे हेड व्हॉइस राजा आहे. चित्रपटगीतांत सगळंच चालतं. किशोरकुमारांचं यॉडलिंग म्हणजे पूर्ण आवाज आणि खोटा आवाज यांच्यात झटपट केलेल्या उड्या. तिथे सांधा लपवायचा नसतो, दाखवायचा असतो. आजच्या पॉप धाटणीच्या गाण्यांत हवेशीर फॉल्सेटो मुद्दाम मागितला जातो, तो जोडलेल्या आवाजात घेतला तर गाणं उगाच शिष्ट वाटतं.

पाचवी पायरी: सांध्यावरचा रियाज

आपल्याकडे पहाटे खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावायची परंपरा आहे आणि ती मोलाची आहे. पण नुसत्या खर्जाने सांधा मऊ होत नाही. जो आवाज रोज वापरला जात नाही तो मंचावर भरवसा देत नाही. म्हणून खर्जाच्या जोडीला रोज दहा-पंधरा मिनिटं वरून खाली येणारा रियाज ठेवा.

सुरुवात स्ट्रॉने. अर्धा ग्लास पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत वरखाली घसीट घ्या. बुडबुडे सलग निघाले पाहिजेत. जिथे अडखळतात तिथे श्वासाचा दाब तुटतोय. पाण्याचा मागे येणारा हलका दाब स्वरतंतूंना कमी आपटून मिटायला मदत करतो, म्हणून हा व्यायाम थकलेल्या गळ्यालाही चालतो. ओठांची ‘ब्र्रर्र’ करूनही असाच परिणाम मिळतो.

मग जोडलेल्या आवाजात तार गंधारापासून सुरू करून ग रे सा नी ध असं पाच सुरांनी उतरा, आधी ‘ङ’वर, मग ‘ऊ’वर, मग ‘ओ’वर, शेवटी ‘आ’वर. बायकांनी काळी चार धरली तर तार षड्जापासून उतरावं. खाली येताना बारीक आवाज जितका खाली नेता येईल तितका न्या, जाड व्हायची घाई करू नका. अर्धा सूर चढवत पुन्हा. हे उतरणं जमलं की चढणं आपोआप सुधारतं. उलट केलं, म्हणजे पूर्ण आवाज ढकलत वर नेला, तर गळ्याला फक्त ढकलायची सवय लागते.

शेवटी आधी सांगितलेली परीक्षाच व्यायाम म्हणून करा: एका सुरावर हळू सुरुवात, वाढवत पूर्ण आवाज, पुन्हा हळू. सांध्याच्या खालच्या सुरापासून सुरू करून एकेक अर्धा सूर वर. हा व्यायाम अवघड आहे, आठवड्या-दोन आठवड्यांत काही दिसणार नाही. महिन्यांचं काम आहे, चिकाटी ठेवा.

साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असेल तर यातलं फक्त स्ट्रॉचं काम आणि सोयीच्या पट्टीतलं हलकं गाणं ठेवा. मुलाचा आवाज त्या काळात जवळजवळ सप्तकभर उतरतो, आणि सांधा दर महिन्याला जागा बदलतो. स्पर्धेसाठी जुन्या पट्टीत गाऊन घेणाऱ्या पालकांना मी हात जोडून थांबवते.

माइकशी जमवून घ्या

तीन आवाजांची ताकद वेगळी, म्हणून माइकचं अंतरही वेगळं. खोट्या आवाजात माइक ओठांजवळ आणा. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, आणि मंचावरच्या नेहमीच्या एकदिशा माइकमध्ये जवळून गायलं की खालचे सूर भरल्यासारखे येतात, पातळ आवाजाला अंग मिळतं. पूर्ण आवाजाच्या टोकाला हात लांब करा. हे अंतरही वहीतल्या खुणांबरोबर ठरवा आणि घरी चमचा हातात धरून सराव करा. साउंडवाल्या दादांना आधी सांगून ठेवा की अमुक ओळीला आवाज बारीक होणार आहे, नाहीतर ते प्रेमाने फेडर चढवतात आणि पुढचा पूर्ण आवाज कानठळ्या बसवतो.

गळा काय सांगतोय

गाऊन झाल्यावर गळा थोडा दमणं ठीक, खरखर किंवा दुखणं ठीक नाही. सकाळी वरचा सूर अगदी हळू लावून बघा. जोरात लागतो पण हळू लागत नाही, अशी अवस्था आली तर स्वरतंतूंना सूज असू शकते. गणपतीत ढोल-ताशा पथकात ओरडून, धुळीत आणि गुलालात उभं राहून आलेल्यांचं असंच होतं. त्या आठवड्यात सांध्याचा रियाज बंद, पाणी भरपूर, बोलणं कमी. तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या, घरगुती काढ्यांवर आणखी दिवस ढकलू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हीच हळू सुराची चाचणी घ्या. सूर लागला नाही, तर त्या संध्याकाळी खोटा आवाज भरवशाचा नाही. तो पहिल्यांदा जातो, पूर्ण आवाज सर्वांत शेवटी. म्हणून तुटक रेघेच्या प्रत्येक जागेला पर्याय आधीच लिहून ठेवा: सूर बदलून खालचा घ्यायचा, की अख्खं गाणं अर्धा-एक सूर उतरवायचं. उतरवणार असाल तर पेटीवाल्यांना आणि तबलजींना मंचावर जाण्याआधीच सांगा. पेटी लगेच सरकते, पण तबला उतरवून लावायला वेळ लागतो, आणि एका सुराहून जास्त फरक असेल तर त्यांना घरूनच दुसरा तबला आणावा लागेल.